कृष्णविवराचा झोत दीर्घिकेचा आकार पाहून निघतो का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. गंगापूर धरणाच्या पलीकडे, नाशिकचा उजेड थोडा मागे टाकून, तुमच्या मित्रानं एम ८७ या दीर्घिकेचा फोटो काढला. गोल धुकट डागाच्या मधून एक बारीक सरळ रेघ बाहेर आलेली त्यात दिसली. ती रेघ म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवराजवळून सुटणारा वेगवान कणांचा झोत. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा झोत नेहमी दीर्घिकेच्या अक्षातूनच निघतो का? चित्रांत तो सर्पिल तबकडीला काटकोनात दाखवतात, मग खऱ्या सर्पिल दीर्घिकांत, आपल्या आकाशगंगेतही, तो का दिसत नाही? आणि आधी काय, झोत की आकार?

रेडिओ दीर्घिकांच्या प्रतिमा वाचणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सुरुवातीलाच एक सांगायला हवं. "झोत आणि आकार यांचा संबंध" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात: झोत मुळात निघेल की नाही, निघाला तर कुठल्या दिशेला, आणि निघाल्यावर तो दीर्घिकेचं व दीर्घिका त्याचं काय करते. आकाराचा संबंध पहिल्या प्रश्नाशी घट्ट आहे, दुसऱ्याशी सैल आहे आणि तिसऱ्यात दोन्ही बाजूंनी आहे. ही फोड केली नाही तर एकाच दीर्घिकेचं उदाहरण घेऊन दोन जण उलटसुलट निष्कर्ष काढतात आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

पहिला प्रश्न. दूरवर जाणारे, दीर्घिकेबाहेर लाखो प्रकाशवर्षं पसरलेले रेडिओ झोत जवळजवळ सगळे लंबवर्तुळाकार दीर्घिकांत सापडतात. एम ८७ तशीच, हंस तारकासमूहातली सिग्नस ए तशीच, शौरीतली हर्क्युलिस एसुद्धा तशीच. याचं कारण आकार हे नाही. ज्या इतिहासातून तो आकार आला, त्याच इतिहासातून झोताला लागणारी सामग्रीही आली. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका इतर दीर्घिका पोटात घेत वाढलेल्या असतात. त्यांच्या केंद्रातलं कृष्णविवर त्याबरोबर वाढतं. एम ८७ मधलं सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाचं आहे. आपल्या आकाशगंगेतलं त्या मानानं फक्त ४० लाख पटींच्या आसपास. शिवाय या दीर्घिकांभोवती कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूचं मोठं आवरण असतं. तो वायू हळूहळू थंड होत केंद्राकडे झिरपतो आणि कृष्णविवराला थोडंथोडं पण दीर्घकाळ खाद्य मिळत राहतं. याच वायूमुळे बाहेर पडलेल्या झोताला काहीतरी दाबायला मिळतं, तो विखरून न जाता लोब, म्हणजे टोकाशी फुग्यासारखे ढग, फुगवतो आणि आपल्याला रेडिओवर दिसतो. सर्पिल दीर्घिकेत थंड वायू भरपूर असतो, पण तो तबकडीत फिरत राहतो. केंद्रापर्यंत पोहोचणारा भाग कमी आणि अनियमित.

म्हणून "लंबवर्तुळाकार असल्यामुळे झोत निघाला" असं म्हणणं मला पटत नाही. आकार आणि झोत ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत असं म्हणा हवं तर.

अपवाद मात्र महत्त्वाचे आहेत, आणि त्यातले काही आपल्याकडच्या लोकांनी शोधले आहेत. आनंद होता आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'स्पेका' ही सर्पिल दीर्घिका पुढे आणली. तिच्या दोन्ही बाजूंना रेडिओ लोब आहेत, तेही वेगवेगळ्या काळातले. २०१४ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले जयदीप बागची आणि त्यांच्या गटानं जे २३४५-०४४९ या प्रचंड सर्पिल दीर्घिकेचे झोत दाखवले. टोकापासून टोकापर्यंत ते ५० लाख प्रकाशवर्षांहून लांब आहेत आणि तिथेही लोबच्या दोन जोड्या आहेत, जुनी आणि नवी. इतके लांब झोत सर्पिल दीर्घिकेतून निघू शकतात हे कळल्यावर "सर्पिल म्हणजे झोत नाही" हा नियम गळून पडला. वस्तुमान, खाद्य, बाहेरचा गरम वायू आणि कृष्णविवराचं स्वतःभोवती फिरणं हे जुळून आलं की सर्पिल दीर्घिकासुद्धा झोत सोडते. ते जुळून येणं दुर्मीळ, एवढंच.

आता दिशेबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे आणि चित्रांमुळे गैरसमज होतो तोही इथेच.

झोताची दिशा ठरते कृष्णविवराच्या अगदी लगत. १९७७ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार कृष्णविवर स्वतःभोवती फिरताना आजूबाजूच्या चुंबकीय बलरेषांना पीळ घालतं आणि फिरण्यातली ऊर्जा त्या रेषांमधून दोन्ही बाजूंना बाहेर पडते. म्हणजे झोत धरतो तो कृष्णविवराच्या भ्रमणाचा अक्ष. आता प्रमाण बघा. एम ८७ मधल्या कृष्णविवराच्या घटना क्षितिजाचा (जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेचा) व्यास सुमारे ३,८०० कोटी किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला पार करायला दीड दिवस. दीर्घिका मात्र लाखाहून जास्त प्रकाशवर्षं पसरलेली. दोन्हींत दोन कोटी पटींहून अधिक फरक. इतक्या आतल्या गोष्टीला बाहेरच्या ताऱ्यांची मांडणी कशी आहे हे थेट "माहीत" असायचं कारणच नाही. कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण ताऱ्यांवर वरचढ ठरतं ते एम ८७ सारख्या राक्षसी उदाहरणातही केंद्रापासून काही शे प्रकाशवर्षांपर्यंतच.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा शामशबल तारकासमूहातल्या एम १०६ या सर्पिल दीर्घिकेत आहे. तिच्या केंद्राभोवतीच्या पाण्याच्या वाफेतून येणाऱ्या मेसर लहरींवरून (लेसरसारख्याच, पण रेडिओ पट्ट्यातल्या) आतली लहानशी तबकडी कशी फिरते हे १९९५ मध्ये अचूक मोजलं गेलं. ही आतली तबकडी दीर्घिकेच्या मोठ्या तबकडीशी समांतर नाही, बरीच कललेली आहे. झोत आतल्या तबकडीला काटकोनात निघतो आणि परिणामी दीर्घिकेच्या मोठ्या तबकडीतच घुसतो. नेहमीच्या ताऱ्यांच्या भुजांखेरीज एम १०६ ला आणखी दोन विचित्र भुजा दिसतात. त्यात तरुण तारे फारसे नाहीत, झोतानं तापवलेला वायू आहे. पुस्तकातल्या काटकोनाच्या चित्राला हे एकच उदाहरण पुरेसं उत्तर आहे. सेफर्ट प्रकारच्या, म्हणजे केंद्र सक्रिय आणि तेजस्वी असलेल्या, सर्पिल दीर्घिकांचे छोटे झोत मोजणाऱ्यांनाही २००० च्या सुमारास हेच दिसलं: झोत आणि तबकडी यांच्यातला कोन वाटेल तो असतो.

आणि कृष्णविवराचा अक्ष तरी स्थिर असतो का? एम ८७ च्या झोताचा पाया साधारण ११ वर्षांच्या आवर्तनानं डुलतो असं २०२३ मध्ये जाहीर झालं. दोन दशकांहून अधिक काळाच्या रेडिओ निरीक्षणांतून ते मिळालं. याचा अर्थ आत येणाऱ्या वायूची तबकडी आणि कृष्णविवराचा भ्रमणाक्ष अजूनही एका रेषेत नाहीत. जिथे पायथ्याशीच जुळणी नाही, तिथे लाख प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यांशी ती नेमकी असावी अशी अपेक्षा करता येत नाही.

पण लंबवर्तुळाकार दीर्घिकांत चित्र थोडं वेगळं निघतं, आणि मला हा भाग फार आवडतो. १९७९ मध्ये कोतान्यी आणि रॉन एकर्स यांनी धूळपट्टा असलेल्या दीर्घिका तपासल्या. झोत साधारण धुळीच्या पट्ट्याला आडवा निघत होता. पुढे हजारो दीर्घिकांचे सर्वेक्षण हाती आल्यावर झोतांचा कल दीर्घिकेच्या आखूड अक्षाकडे असल्याचंही दिसलं. अलीकडच्या वर्षांत तर पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून घेतलेल्या, कृष्णविवरापासून मोजक्या प्रकाशवर्षांवरच्या झोतांमध्येही हा कल आढळला. हा कल आहे, नियम नाही. एकेक दीर्घिका घेतली तर विखुरणी भरपूर. तरीही तो खरा आहे. माझं वाचन असं: पोटात आलेली दीर्घिका आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, घेऊन येते, त्याचा काही भाग ताऱ्यांच्या मांडणीत जातो आणि काही भाग हळूहळू केंद्राकडे सरकणाऱ्या वायूत. पुरेसा काळ एकाच दिशेनं खाद्य मिळत राहिलं तर कृष्णविवराचा अक्षही त्या बाजूला झुकतो. म्हणजे इथेही आकारानं झोताला वळवलं नाही. दोघांवर एकाच घटनेचा शिक्का बसला, एकावर ठळक आणि दुसऱ्यावर पुसट.

सर्पिल दीर्घिकांच्या मोठ्या झोतांमध्ये एक चकवाही आहे. ०३१३-१९२ ही जवळजवळ कडेवरून दिसणारी सर्पिल दीर्घिका घ्या. तिचा झोत तबकडीला साधारण काटकोनात आहे. मग सिद्ध झालं का की काटकोनच लागतो? नाही. तबकडीत घुसणारा झोत दाट वायूत अडकून आतच संपतो आणि आपल्या यादीत येतच नाही. सरळ बाहेर जाणारा झोत मोकळ्या जागेत फुलतो आणि आपल्याला सापडतो. यादी कशी तयार झाली हे विचारल्याशिवाय यादीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

तिसऱ्या प्रश्नात आकार खराखुरा कामाला लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीनं २०२० मध्ये पीकेएस २०१४-५५ या रेडिओ दीर्घिकेची जी प्रतिमा दिली ती मिळाली तर जरूर बघा. सुमारे ८० कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेतून दोन झोत विरुद्ध दिशांना जातात, पण रेडिओत दिसते चार हातांची फुली. अशा फुल्यांसाठी वर्षानुवर्षं एक आकर्षक कल्पना होती: दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, अक्ष एकदम वळला आणि नवा झोत नव्या दिशेला निघाला. काही दीर्घिकांत तसं झालंही असेल. या प्रतिमेत मात्र दुसरंच काही दिसतं. झोताचा मालमसाला टोकापर्यंत जातो, बाहेरच्या वायूला अडून मागे वळतो, दीर्घिकेकडे परत येतो आणि तिथे त्याला गरम वायूचं तिरपं आवरण आडवं येतं. कौलारू छपरावरचं पाणी उताराकडे पळतं तसा तो आवरणाच्या उतारावरून दोन्ही बाजूंना सरकतो. चार हातांपैकी दोन झोताचे, दोन या परतीच्या प्रवाहाचे. प्रतिमेत तो वळसा सलग, न तुटता दिसतो. अक्ष एकदम पालटला असता तर असा अखंड वळसा दिसायचं कारण नव्हतं. फुलीच्या आकाराच्या अशा दीर्घिका चांगल्याच लांबट असतात आणि मुख्य झोत त्यांच्या लांब अक्षाच्या जवळून जातो, हे आधीच लक्षात आलं होतं. ते इथे चपखल बसतं. झोत कुठे निघाला हे दीर्घिकेनं ठरवलं नाही, पण परतीचा माल कुठे जाईल हे तिच्या आवरणाच्या आकारानं ठरवलं.

उलट दिशेचा परिणाम ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकागुच्छात दिसतो. मध्यभागी असलेल्या एनजीसी १२७५ चे झोत गरम वायूत पोकळ्या खणतात, आणि चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण प्रतिमांत त्या पोकळ्यांभोवतीच्या लाटा २००३ मध्ये ओळखल्या गेल्या. झोत नसता तर मधला वायू निवत गेला असता आणि त्यातून भराभर नवे तारे तयार झाले असते. झोत त्याला पुन्हा पुन्हा तापवतात. त्यामुळे मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका लालसर, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या आणि नव्या तबकडीशिवाय राहतात. "आधी काय" या तुमच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं. एक झोत कोटी-दोन कोटी, फार तर काही कोटी वर्षं चालतो आणि दीर्घिकेचं वय अब्जांत असतं. आज दिसणाऱ्या झोतापेक्षा आकार खूप जुना आहे. पण आधीच्या अनेक झोतांनी मिळून तो आकार तसाच राखायला मदत केलेली असते. क्वचित उलटही घडतं: एनजीसी ५४१ चा झोत शेजारच्या वायूच्या ढगावर आदळून तिथे नवे तारे निर्माण झालेत, त्याला मिन्कोव्स्कीचं ऑब्जेक्ट म्हणतात.

आपल्या आकाशगंगेचं काय? सध्या ठळक झोत नाही, खाद्यच फार कमी आहे. पण २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या नोंदींतून केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षांचे गॅमा किरणांचे फुगे सापडले. ते जुन्या झोतानं फुगवले की केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या धुमाळीनं, यावर वाद चालू आहे. ते तबकडीच्या दोन्ही बाजूंना सारखे उभे आहेत म्हणून झोतही तसाच सरळ असेल, असं मात्र धरू नका. तिरप्या झोताचा फुगासुद्धा जिकडे वायू विरळ तिकडेच वाढतो आणि सरळ दिसायला लागतो.

आता हे घरी बसून कसं तपासाल ते. सर्वेक्षणांच्या प्रतिमा मोफत उपलब्ध आहेत. आलादीन हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं आणि त्यात दृश्य प्रतिमेवर रेडिओ समरेषा (रेडिओ तेज सारखं असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा) चढवता येतात. एनव्हीएसएस या रेडिओ सर्वेक्षणाची प्रतिमा आधी बघा, पण तिच्यात ४५ विकलांपेक्षा (एक अंश म्हणजे ३,६०० विकला) बारीक तपशील मिसळून जातात, त्यामुळे फक्त तिच्यावरून कोन मोजू नका. फर्स्ट किंवा व्हीएलएएसएस या जास्त बारकाईच्या रेडिओ सर्वेक्षणांत मधला गाभा सापडतो का पाहा. गाभा दीर्घिकेच्या केंद्रावर नेमका बसला नाही तर थांबा. मागच्या एखाद्या दूरच्या दीर्घिकेचे लोब समोरच्या सर्पिलाभोवती योगायोगानं येऊ शकतात, आणि "सर्पिल दीर्घिकेत झोत सापडला" अशा बहुतेक उत्साही दाव्यांचा शेवट इथेच होतो. मग आपल्या जीएमआरटी या पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीचं १५० मेगाहर्ट्झचं टीजीएसएस सर्वेक्षण उघडा. कमी वारंवारतेवर जुने, थकलेले लोब उजळतात, जास्त वारंवारतेवर ताजा झोत. दोघांची दिशा वेगळी निघाली तर अक्ष डुलला, किंवा लोब वायूनं वाकवला, हे दोन पर्याय समोर ठेवा. शेवटी दीर्घिकेचा लांब अक्ष मोजा, आणि ती दिसायला जवळजवळ गोल असेल तर कोनाच्या कामासाठी ती सोडून द्या. गोल आकृतीला अक्ष नसतो.

याच कारणानं एम ८७ तुमच्या प्रश्नासाठी सोयीची नाही. तिचा आतला भाग जवळपास गोल आहे आणि झोत जवळजवळ आपल्याच दिशेनं येणारा, दृष्टिरेषेशी फक्त सुमारे १७ अंशांचा कोन करणारा, म्हणजे त्याची खरी लांबी आणि दिशा दोन्ही आपल्याला आखडलेल्या दिसतात. हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये लिक वेधशाळेच्या छायाचित्रांत ही रेघ नोंदवली तेव्हापासून ती सगळ्यात जास्त पाहिली गेलेली आहे, पण सगळ्यात जास्त पाहिलेलं उदाहरण नमुना म्हणून चांगलं असेलच असं नाही.

नरतुरंगातली सेंटॉरस ए घ्या. नाशिकच्या अक्षांशावरून ती दक्षिण क्षितिजापासून २७ अंशांपर्यंत वर येते, एप्रिल-मेमध्ये रात्री, आणि काळोख असेल तर बायनॉक्युलरमधून डाग म्हणून दिसते. दक्षिणेकडे उजेड नसलेली जागा निवडा. हरसूलच्या बाजूला अजून बरा अंधार मिळतो. फोटोत काळा धूळपट्टा स्पष्ट येईल, एका सर्पिल दीर्घिकेला गिळल्याची ती खूण मानली जाते. त्यावर रेडिओ प्रतिमा चढवली की आतला झोत पट्ट्याला बऱ्यापैकी आडवा जाताना दिसेल. बाहेरचे लोब मात्र वळत वळत उत्तर-दक्षिण होतात आणि आकाशात आठ अंशांहून अधिक जागा व्यापतात. एकाच दीर्घिकेत दोन दिशा, म्हणून कोन सांगताना तो आतल्या झोताचा की बाहेरच्या लोबचा हे बरोबर लिहा.

दुर्बीण प्रत्यक्ष पाहायची असेल तर जीएमआरटी पुणे रस्त्यावरच आहे: सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत नारायणगाव, तिथून खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं आणि काम करणारी माणसं समोर भेटतात. तुम्ही मोजलेले कोन, प्रतिमेचं नाव आणि वारंवारता लिहून पाठवलीत तर मी नक्की बघेन.